सलाईनची बाटली आणि वाटी-चमचा : लहान मुलांच्या अंगातल्या पाण्याची गोष्ट

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात जुलाब-उलट्यांची मुलं रांगेनं येतात. त्यातल्या बहुतेकांना सुईची गरज नसते. पण पालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, एक सलाईन लावून टाका, म्हणजे लगेच तरतरी येईल." त्याऐवजी ओआरएसचं पाकीट, वाटी आणि चमचा असं सांगितलं की चेहरे उतरतात. एवढ्या लांबून आलो, पैसे मोजले, आणि डॉक्टरांनी साखर-मिठाचं पाणी सांगितलं!

या पालकांना मी दोष देत नाही. खुद्द डॉक्टरांना वाटी-चमच्यावर विश्वास ठेवायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. ती हकिगत माहीत असली, तर रात्री दोन वाजता कुरकुरणाऱ्या बाळाला चमच्या-चमच्यानं पाणी पाजत बसणं तेवढं निरर्थक वाटणार नाही, म्हणून हा लेख.

आठ किलोचं बाळ आणि चार फुलपात्री पाणी

आधी थोडं शरीराबद्दल. नवजात बाळाच्या वजनाचा जवळजवळ पाऊण हिस्सा पाणी असतो. मोठ्या माणसात तो साधारण ६० टक्के असतो. म्हणजे बाळाकडे पाणी जास्त, मग त्याला धोका कमी असायला हवा, असं वाटेल. प्रत्यक्षात उलट आहे. बाळाच्या वजनाच्या मानानं त्याची त्वचा जास्त पसरलेली असते, श्वास भरभर चालतो, मूत्रपिंडं पाणी राखून ठेवण्यात अजून तरबेज झालेली नसतात. त्यामुळे त्याच्या अंगात पाण्याची ये-जा मोठ्या माणसापेक्षा कितीतरी वेगानं होते. आवक बंद झाली की साठा झपाट्यानं संपतो.

आठ किलोचं बाळ घ्या. त्याच्या वजनाच्या १० टक्के पाणी गेलं, तर स्थिती गंभीर समजतात. दहा टक्के म्हणजे ८०० मिली, आपल्या घरातली चार फुलपात्री. जोराचे जुलाब आणि उलट्या असतील तर एवढं पाणी एका दिवसात निघून जाऊ शकतं. आणि बाळ "तहान लागली" असं सांगत नाही. ते आधी चिडचिड करतं आणि नंतर गप्प होतं. गप्प झालेलं बाळ पाहून "आता जरा शांत झोपलंय" असं समजणं, हा या आजारातला सगळ्यात मोठा धोका.

दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. सलाईनची नेहमीची बाटली ५०० मिलीची असते. मोठ्या माणसाला ती थोडी भरभर गेली तरी सहसा काही बिघडत नाही. आठ किलोच्या बाळाला तेवढंच पाणी लक्ष नसताना सरसर गेलं, तर ते त्याच्या वजनाच्या सहा टक्के भरतं. फुफ्फुसांत पाणी होऊ शकतं, मेंदूला सूज येऊ शकते. मुलांच्या बाबतीत पाणी हे औषध आहे, आणि औषधासारखंच ते मोजून द्यावं लागतं. हे मोजमाप शिकण्याचा इतिहास लांबलचक आहे.

लीथची म्हातारी

१८३१ च्या शेवटी कॉलरा इंग्लंडच्या किनाऱ्यावर, संडरलंड बंदरात पोचला. आपल्याकडे हा रोग जुना. पटकी, महामारी, जरीमरी अशी त्याची नावं आणि त्या नावानं बांधलेली देवळंही आपल्याला ठाऊक आहेत. युरोपला मात्र तो नवा होता. तिथले डॉक्टर काय करत होते? रोग्याचं रक्त काढत होते, पाऱ्याची औषधं देत होते, अफू देत होते. आधीच पाणी संपलेल्या माणसाच्या अंगातून आणखी रक्त काढायचं!

विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी नावाचा २२ वर्षांचा आयरिश डॉक्टर तिथे गेला आणि त्यानं रोग्यांचं रक्त रसायनशास्त्राच्या पद्धतीनं तपासलं. त्याला दिसलं ते असं : रक्तातलं पाणी मोठ्या प्रमाणात गेलेलं आहे आणि पाण्याबरोबर क्षारही गेले आहेत. मग गेलेलं पाणी आणि क्षार परत घालावेत, हे ओघानंच आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यानं ते लिहिलं. (हाच ओ'शॉनेसी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोलकात्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि १८५० च्या दशकात भारतात तारायंत्राच्या तारा टाकणारा म्हणून जास्त गाजला. एका माणसानं किती कामं करावीत!)

त्याचं म्हणणं प्रत्यक्षात आणलं स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या टॉमस लॅटा यांनी, १८३२ च्या मे महिन्यात. त्यांची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. सगळे उपाय करून झाले होते, ती शेवटच्या घटका मोजत होती. लॅटांनी तिच्या हाताच्या शिरेत नळी घातली आणि मीठ व सोडा घातलेलं कोमट पाणी थोडं थोडं आत सोडायला सुरुवात केली. आधी काहीच फरक दिसेना. मग हळूहळू श्वास सुधारला, बसलेले डोळे वर आले, चेहऱ्यावर रंग आला, नाडी हाताला लागू लागली. अर्ध्या तासात सुमारे सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या आसपास पाणी गेलं होतं. बाई बोलू लागली, आता बरं वाटतंय म्हणाली. लॅटांना वाटलं, हिला आता फक्त झोप हवी. ते तिला रुग्णालयातल्या कनिष्ठ डॉक्टरकडे सोपवून निघून गेले.

थोड्याच वेळात उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले. शिरेतून पाणी देणं मात्र कुणी पुन्हा सुरू केलं नाही. साडेपाच तासांत ती बाई गेली. उपाय पुन्हा केला असता तर ती वाचली असती, याबद्दल लॅटांना शंका नव्हती, आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकवणारी घटना हीच. औषध बरोबर होतं, मात्राही बरोबर होती. जे चुकलं ते उपचारानंतरचं : उशाशी बसणं, जातंय किती ते बघणं आणि तेवढं परत देणं. आज ज्याला आपण नर्सिंग म्हणतो, ते तिथे नव्हतं. १८३२ साली प्रशिक्षित परिचारिका हा प्रकारच अस्तित्वात नव्हता.

लॅटा पुढच्याच वर्षी वारले. शिरेतून पाणी देण्याची पद्धत बदनाम झाली, कारण ती अगदी मरणाच्या दारातल्या लोकांवरच वापरली जाई आणि पाणी निर्जंतुक करायचं असतं हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पुढची कित्येक दशकं ती जवळजवळ विसरली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात शिरेतून खारं पाणी देऊन कॉलऱ्याचे मृत्यू पुष्कळ कमी करून दाखवले, तेव्हा कुठे ती पुन्हा उभी राहिली.

शिरा सापडत नाही, मग काय?

मोठ्या माणसाची शीर सापडते. सहा महिन्यांच्या, सुकलेल्या बाळाची सापडत नाही. त्या काळच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी जे उपाय केले, ते वाचताना आज अंगावर काटा येतो. मांडीच्या कातडीखाली खारं पाणी टोचायचं. पोटाच्या पोकळीत सोडायचं. टाळूतून सुई घालून मेंदूवरच्या मोठ्या शिरेत द्यायचं. हे सगळे उपाय अमेरिकेतल्या नावाजलेल्या रुग्णालयांत १९१० ते १९३० च्या दरम्यान होत होते. त्यामागे क्रूरता नव्हती. उन्हाळ्यातल्या जुलाबांनी शहरांमधली तान्ही बाळं धडाधड मरत होती आणि डॉक्टरांच्या हाती दुसरं काही नव्हतं.

१९३१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॅरेलिट्झ आणि शिक यांनी बाळांना शिरेतून थेंब-थेंब, सलग पाणी देण्याची पद्धत वापरली. बॉस्टनचे जेम्स गॅम्बल यांनी शरीरातल्या क्षारांचा जमाखर्च मांडून दाखवला. येल विद्यापीठाचे डॅनियल डॅरो यांनी १९४० च्या दशकात दाखवलं की जुलाबात फक्त मीठच जात नाही, पोटॅशियमही जातं आणि ते भरून दिलं तर बाळं जास्त वाचतात. मग १९५७ साली मॅल्कम हॉलिडे आणि विल्यम सेगर यांनी एक साधं सूत्र दिलं, जे आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी आणि नर्सिंगची विद्यार्थिनी पाठ करते. पहिल्या १० किलो वजनाला दर किलोमागे दिवसाला १०० मिली, पुढच्या १० किलोला ५० मिली, त्यापुढच्या प्रत्येक किलोला २० मिली. १५ किलोचं मूल असेल तर १००० अधिक २५०, म्हणजे १२५० मिली. हे रोजच्या गरजेपुरतं, आजारात जे बाहेर गेलं ते वेगळं मोजायचं.

या सूत्रानं सिस्टरच्या कामाला आकार दिला. मुलांच्या वॉर्डात सलाईनच्या बाटलीखाली खुणा असलेलं एक छोटं उभं भांडं लावलेलं तुम्ही पाहिलं असेल. एका वेळी त्यात ठरावीकच पाणी घेता येतं, म्हणजे लक्ष चुकलं तरी अख्खी बाटली बाळाच्या अंगात जात नाही. आणि त्या सेटचा थेंब बारीक असतो, ६० थेंबांचा एक मिली. म्हणजे मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मिली. आठ किलोच्या बाळाला तासाला ३३ मिली द्यायचं असेल, तर मिनिटाला ३३ थेंब. गणित करावंच लागत नाही, घड्याळाकडे बघून थेंब मोजले की झालं. रात्रपाळीला पंधरा मुलं सांभाळणाऱ्या सिस्टरसाठी ही सोय किती मोलाची आहे, हे त्या वॉर्डात रात्र काढलेल्यालाच कळेल.

पलंगाला लटकवलेला तक्ताही त्याच काळजीचा भाग. आत किती गेलं, बाहेर किती आलं. लघवी किती वेळा झाली, जुलाब किती, उलटी किती. बाळाचं वजन रोज त्याच काट्यावर, शक्य तर त्याच वेळी. सिस्टर तुम्हाला "लंगोट टाकू नका, आधी मला दाखवा" म्हणतात ते उगाच नाही. ओल्या लंगोटाच्या वजनातून सुक्याचं वजन वजा केलं की किती मिली गेलं ते कळतं.

हॉलिडे-सेगर यांचं पाण्याचं माप टिकलं, पण त्यांनी सुचवलेलं मिठाचं प्रमाण कमी पडतं असं पुढे लक्षात आलं. आजारी मुलाचं शरीर पाणी धरून ठेवतं. त्यात कमी मिठाचं सलाईन गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि काही मुलांना झटके आले, काही दगावली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१८ मध्ये यावर स्पष्ट सूचना काढली : रुग्णालयातल्या बहुतेक मुलांना रक्ताइतक्याच खारटपणाचं सलाईन द्यावं. साठ वर्षं वापरात असलेल्या गोष्टीतही दुरुस्ती करावी लागते. म्हणून "सलाईन म्हणजे काय, पाणीच तर आहे" हे वाक्य मला खटकतं.

तोंडावाटे दिलेलं पाणी पोटात टिकेल का?

हा सगळा खटाटोप होता शिरेतून पाणी देण्याचा. तोंडानं द्यावं असं कुणाला सुचलं नाही का? सुचलं, पण जुलाबात आतडी काही शोषून घेत नाहीत, अशी समजूत पक्की होती. नुसतं पाणी दिलं की तसंच बाहेर पडतं. उलट बाळाच्या पोटाला "विश्रांती" म्हणून एक-दोन दिवस उपाशी ठेवायचीच पद्धत होती. आपल्याकडच्या आजीबाईही जुलाबात पाणी तोडायच्या. पाश्चात्त्य पुस्तकं आणि आपली आजी या एका चुकीच्या बाबतीत एकमताची होती.

१९५३ साली कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की कॉलऱ्याच्या १८६ रोग्यांना त्यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडानं देऊन बरं केलं. उलटी थांबवायला औषध होतं आणि जुलाबासाठी पानओव्याचा रस! पण किती गेलं, किती दिलं याची काटेकोर नोंद त्यात नव्हती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी ते बाजूला ठेवलं. त्यात थोडा अहंकारही होता असं मला वाटतं, पण नोंदीबाबतचा आक्षेप खोटा नव्हता.

त्यांचा उपाय का चालला, याचं उत्तर १९६० मध्ये मिळालं. रॉबर्ट क्रेन यांनी प्राग शहरातल्या एका परिषदेत मांडलं की आतड्याच्या पेशींना एक असं दार आहे, ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात. एकटं मीठ आलं तर ते दार उघडत नाही. साखरेबरोबर आलं तर उघडतं, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर ढकलायला लावतं, पण या दाराला हात लावत नाही. म्हणजे एका वाटेनं पाणी वाहून जात असताना दुसऱ्या वाटेनं ते आत घेता येतं. साखर मात्र बेताचीच हवी. जास्त झाली की ती आतड्यातच पडून राहते, अंगातलं पाणी स्वतःकडे खेचते, आणि जुलाब वाढतात. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तरीही मार्ग सरळ नव्हता. अमेरिकी नौदलाचे रॉबर्ट फिलिप्स यांनी १९६२ च्या सुमारास मनिलात असं पाणी देऊन पाहिलं. देण्याचं प्रमाण जमलं नाही, काही रोगी दगावले आणि ते स्वतः या पद्धतीबद्दल साशंक झाले. मग १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे विशी ओलांडलेले दोन अमेरिकन डॉक्टर, रफिकुल इस्लाम आणि माजिद मोल्ला या तिथल्या सहकाऱ्यांसह कामाला लागले. नॅलिन यांच्या लक्षात आलं की आधीच्या प्रयोगांत पाणी बरोबर होतं, पण कमी दिलं जात होतं. जितकं बाहेर जातं तितकं मोजून आत द्यायला हवं.

हे मोजायचं कसं? कॉलरा वॉर्डातली खाट पाहा. कॅनव्हासची खाट, मध्ये भोक, खाली बादली. बादलीत खुणांची काठी बुडवायची, किती लिटर झालं ते बघायचं, आणि पुढच्या काही तासांत तेवढंच पाणी रोग्याला प्यायला लावायचं. रात्रंदिवस, पेल्यामागून पेला. या पद्धतीनं सलाईनची गरज ८० टक्क्यांनी घटली. लॅटांच्या रोगिणीला जे मिळालं नव्हतं, ते आता मिळालं : उशाशी बसून मोजणारं माणूस.

बनगावच्या दोन खोल्या

१९७१ चं बांगलादेश युद्ध. सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. पावसाळा, चिखल, आणि छावण्यांमध्ये कॉलरा. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगाव गावात रुग्णालयाच्या दोन खोल्या आणि १६ खाटा होत्या. रोगी जमिनीवर, खोल्यांबाहेर, मिळेल तिथे पडलेले. छावण्यांमध्ये कॉलऱ्यानं ३० टक्क्यांच्या आसपास रोगी मरत होते.

तिथे जूनमध्ये पोचले डॉ. दिलीप महालनाबीस, मुळात बालरोगतज्ज्ञ. लंडनच्या मुलांच्या रुग्णालयात काम करून कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रात परतलेले. सलाईनचा साठा दोन आठवड्यांत संपायला आला. ढाक्याच्या प्रयोगात मोजायला डॉक्टर होते, परिचारिका होत्या, प्रयोगशाळा होती. इथे यातलं काहीच पुरेसं नव्हतं. महालनाबीसांनी ठरवलं की पाणी पाजण्याचं काम आईला, बहिणीला, नवऱ्याला द्यायचं. अतिशय गंभीर रोग्यालाच सुई, बाकी सगळ्यांना पेला.

कोलकात्यात त्यांचे सहकारी पुड्या भरू लागले : एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पॉलिथीनच्या पिशव्या, त्यावर सूचनेची चिठ्ठी, आणि तोंड बंद करायला गरम इस्त्री. एका लिटरचा खर्च ११ पैसे. बनगावला नळ लावलेल्या पिंपांत हे पाणी कालवून ठेवायचे, नातेवाईक पेले भरून न्यायचे. लोकांना आणि काही कर्मचाऱ्यांनाही पटेना की सुईशिवाय हा आजार बरा होईल. तेव्हा त्या पाण्याला "तोंडानं द्यायचं सलाईन" असं नाव दिलं. बघा, सलाईनचा मोह तेव्हाही होताच!

दोन महिन्यांत तीन हजारांवर रोगी झाले. मृत्यूंचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. या अनुभवावरचा लेख प्रसिद्ध व्हायला १९७३ उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७८ मध्ये जुलाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे पाकीट जगभर गेलं. आपल्याकडे त्याला जलसंजीवनी हे सुंदर नाव मिळालं. डॉ. महालनाबीस २०२२ मध्ये गेले. त्यानंतर, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. उशीर झाला, एवढंच म्हणतो.

१९८० च्या सुमारास जगात पाच वर्षांखालची साधारण ४५ लाख मुलं दरवर्षी जुलाबानं मरत होती. आज तो आकडा पाच लाखांच्या आत आहे. स्वच्छ पाणी, लसी, पोषण यांचाही त्यात वाटा आहेच. पण पेल्याचा वाटा मोठा.

बांगलादेशात पुढे जे झालं ते मला बनगावइतकंच महत्त्वाचं वाटतं. ब्रॅक या संस्थेनं १९८० च्या दशकात सव्वा कोटीच्या आसपास घरांत बायका पाठवून आयांना हे पाणी बनवायला शिकवलं. पाकीट नाही, तर तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा पगार तिनं किती घरं केली यावर नव्हता. काही आठवड्यांनी तपासनीस जाऊन आईला विचारायचा, तिच्याकडून पाणी बनवून घ्यायचा, आणि तिला किती आठवतंय त्यावर पगार ठरायचा. सुरुवातीला आयांना सगळं पाठ होतं, पण प्रत्यक्षात फार थोड्या ते वापरत होत्या. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. मग त्यांना ढाक्याच्या रुग्णालयात नेऊन, डोळ्यांदेखत रोगी बरे होताना दाखवले.

घरी देताना

आता तुमच्या स्वयंपाकघरात येऊ. दोन वर्षांखालच्या बाळाला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. बाटलीनं नको, घटाघटा पिऊन उलटी होते. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, पण आणखी सावकाश. प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालूच ठेवायचं. पोटाला विश्रांती वगैरे काही नाही. एका कागदावर वेळ आणि जुलाब-लघवी लिहीत जा. दवाखान्यात आल्यावर तो कागद तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बाळ पिणंच सोडून देत असेल, सुस्त पडत असेल, डोळे किंवा टाळू खोल गेली असेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली जात असेल, सहा-आठ तासांत लघवी नसेल, किंवा शीमध्ये रक्त असेल, तर घरी थांबू नका. तेव्हा सुई लागते आणि ती वेळेवर लागली पाहिजे.

जुलाब "बंद" करणाऱ्या औषधांबद्दल एक इशारा. लोपरामाइड हे औषध आतड्याची हालचाल मंद करतं. १९९० च्या सुमारास पाकिस्तानात ते बाळांना थेंबांच्या रूपात दिलं गेलं, काहींची आतडी निपचित पडून ती दगावली, आणि थेंब बाजारातून काढावे लागले. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून मुलाला देणं म्हणजे तोच प्रकार. द्यायचं औषध एकच, झिंक. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ते सांगत आहेत. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. बहुतेक घरांत ते तिसऱ्या दिवशी फ्रिजवर विसरलं जातं. द्रव औषध असेल तर सोबतच्या मापानं मोजा. घरातला चमचा कधी तीन मिलीचा असतो, कधी सातचा.

आणि आता ती साखरेची गोष्ट. २००२ पासून ओआरएसचं सूत्र आणखी सौम्य केलं आहे : लिटरमागे सोडियम ७५, ग्लुकोज ७५, एकूण तीव्रता २४५. दुकानात मात्र कित्येक वर्षं फळांच्या चवीची, भरपूर साखरेची पेयं ओआरएससारख्याच नावानं तयार डब्यांत विकली जात होती आणि आया ती जुलाबाच्या मुलांना पाजत होत्या. साखर जास्त झाली की काय होतं ते वर सांगितलंच. एका बालरोगतज्ज्ञ महिलेनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा.

तिथेच पाण्याचं मापही छापलेलं असतं. पाकिटं दोन आकारांत येतात : मोठं, सुमारे २० ग्रॅमचं, एक लिटर पाण्याला, छोटं, सुमारे चार ग्रॅमचं, २०० मिलीला, म्हणजे एका फुलपात्राला. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर पाणी घातक खारट होतं, छोटं लिटरभर पाण्यात घातलं तर त्याचा उपयोग होत नाही. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असंही नको. पूर्ण पाकीट, उकळून गार केलेलं मोजलेलं पाणी, वरून साखर नाही, दूध नाही, सरबत नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.